जलपर्णीच्या दोनशे पिशव्या

प्रेमलता सबनीस यांच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी साधी सुईसुद्धा विकली नव्हती. आजोबा रेल्वेत नोकरीला म्हणून कोलकात्यात आले आणि इथलेच झाले, वडील टपाल खात्यात, नवरा बँकेत. एक तारखेला पगार आणि साठीला निरोप समारंभ, यापलीकडे धंदा म्हणून काही असतो हे बाईंनी पुस्तकातच वाचलेलं. आणि अशा बाईंवर कॉलेजने मुलींना उद्योजक बनवायची जबाबदारी टाकली! आता बोला.

टाकली कसली, गळ्यात मारली. बराकपूरच्या अलीकडे मुलींचं एक कॉलेज आहे, तिथे बाई वाणिज्य शिकवायच्या. एक दिवस वरून कागद आला की उद्योजकता कक्ष काढा, मुलींकडून पर्यावरणपूरक वस्तू करून घ्या, त्या विकून दाखवा. बैठकीत सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. प्रेमलताबाईंनी नेमकी तेव्हाच मान वर केली, झालं.

पण अंगावर घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. सकाळी सगळी दुनिया सियालदह स्टेशनकडे येत असते आणि बाई उलट्या दिशेने जायच्या, त्यामुळे गाडीत खिडकी मिळायची. त्या खिडकीतून रोज डबकी दिसायची, जलपर्णीने गच्च भरलेली. इकडे तिला कचुरीपाना म्हणतात आणि सगळे तिच्या नावाने बोटं मोडतात. तिचे देठ वाळवून पिशव्या विणता येतात हे बाईंनी एका प्रदर्शनात पाहिलं होतं. फुकटचा माल, मुलींच्या हाताला काम, वर प्लास्टिकला उत्तर! बाई हरखून गेल्या. विणकाम येणाऱ्या एका मावशींना त्यांनी कॉलेजात बोलावलं आणि वर्ग सुरू केला. बारा मुली आल्या. अकरा जणी प्रमाणपत्रासाठी, बारावी झरना.

झरनाचा बाप तागाच्या गिरणीत होता. गिरणीला टाळं लागून दोन वर्षं झालेली, तो घरीच बसून असायचा. पोरगी गुडघाभर चिखलात उतरून देठ कापायची, धुवायची, गच्चीवर पसरायची, दिवसातून चारदा उलटायची. वाळले की नाही हे बघायची तिची एक तऱ्हा होती. देठ गालाला लावायची. गार लागला की म्हणायची, "आत ओल आहे, मॅडम. अजून दोन दिवस." बाईंनीही एकदा गालाला लावून पाहिला. त्यांना सगळेच देठ सारखे लागले. "तुला बरं कळतं गं!" असं म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि झरनाला एका नर्सिंग होममध्ये नोकरी लागली. नाव नोंदवायच्या खिडकीवर बसायचं, कायमची जागा, एक ऑगस्टला हजर व्हायचं. नेमकी त्याच आठवड्यात ऑर्डर आली. बाईंचे यजमान गुरुदत्त बँकेतून निवृत्त झालेले, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेला अविनाश आता तिथे मोठा साहेब होता. बँकेची परिषद भरणार होती, पाहुण्यांना द्यायला दोनशे पिशव्या हव्या होत्या. पाच सप्टेंबरला पोचत्या करायच्या. त्या चांगल्या निघाल्या तर दक्षिण कोलकात्यातलं एक भेटवस्तूंचं दुकान दर महिन्याला माल घेणार होतं.

झरना विचारायला आली, "मॅडम, काय करू?"

इथे बाईंनी तोंड बंद ठेवायला हवं होतं. तेहेतीस वर्षं कायम नोकरीच्या सावलीत बसलेल्या बाईने दुसऱ्याच्या पोरीला उन्हात जा म्हणून सांगू नये, एवढी साधी गोष्ट. पण बाईंना तेव्हा भलताच उत्साह चढला होता. "नोकऱ्या काय, पुन्हा मिळतील," त्या म्हणाल्या. "पहिली ऑर्डर पुन्हा येत नाही. तू बाकीच्यांना काम देणारी होशील, झरना!" पोरीला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि स्वतःही चढून बसल्या.

दुसऱ्या दिवशी बाप कॉलेजात आला. धुतलेला शर्ट घालून, दारातच उभा राहिला. "दीदीमणी," तो म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही शब्द देत असाल तर मी तिला अडवत नाही."

"माझा शब्द," बाई म्हणाल्या. झरनाने नोकरीवर पाणी सोडलं.

ऑगस्टमध्ये आभाळ काही हटेना. गच्चीवर देठ पसरायचे, सर आली की उचलायचे, पुन्हा पसरायचे. अकरा जणींपैकी चार उरल्या. वीस तारखेच्या सुमाराला झरना बाईंकडे आली. रडवेली झाली होती. "मॅडम, देठ गारच आहेत. असेच विणले तर काळे पडतील. पंधरा दिवस वाढवून मागू या ना. दुर्गापूजेच्या आधी नक्की देते."

आयुष्यात बाईंनी एकही तारीख चुकवली नव्हती. रात्री जेवताना त्यांनी यजमानांपाशी विषय काढला. "अहो, ती मुलगी पंधरा दिवस मागतेय. अविनाश भावजींना विचारून बघता का?"

गुरुदत्तांनी आमटी भुरकली आणि मान हलवली. "तारीख म्हणजे तारीख. धंदा शिकवतेस ना? मग पहिला धडा हाच."

बाईंना ते पटलं. पटायचंच, नोकरदार घरात वाढलेल्या आणि तसल्याच घरात पडलेल्या. त्यांनी झरनाला सांगितलं, "शब्द पाळणं आपल्या हातात असतं. पंखे लावा, इस्त्री फिरवा, पण पाच तारीख चुकायची नाही." झरनाने एक देठ उचलून गालाला लावला आणि विणायला बसली. दहा दिवस ती नि त्या चौघी सकाळपासून अंधार पडेपर्यंत विणत होत्या. पाच सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता दोनशे पिशव्या बँकेत पोचल्या. काय देखण्या दिसत होत्या! बाईंनी फोटो काढले आणि चक्क झरनाला मिठी मारली. प्राचार्यांनी ते फोटो अहवालात लावले.

पूजा झाली, दिवाळी झाली. नोव्हेंबरात बँकेची गाडी कॉलेजच्या फाटकाशी आली आणि शिपायाने गठ्ठे उतरवले. बाईंनी एक सोडला. आतून असा कुबट भपकारा आला की त्यांनी पदर नाकाला लावला. प्रत्येक पिशवी काळ्या-हिरव्या बुरशीने माखलेली. एकही धड नव्हती. दुकानवाल्याला कुठून तरी कळलंच, त्याने पुन्हा फोन उचलला नाही. प्राचार्य म्हणाले, तपासणी पथक यायच्या आत हा कचरा हलवा. अहवालातले फोटो मात्र तसेच राहिले.

शरमेने बाईंनी स्वतः अविनाशला फोन लावला. तो बिचारा उलट अवघडला. "वहिनी, तुम्ही कशाला माफी मागता? आमचंच चुकलं. परिषद पुढे गेली ना नोव्हेंबरात, तोवर गठ्ठे बंद खोलीत पडून राहिले."

"पुढे गेली? कधी ठरलं हे?"

"ऑगस्टच्या मध्यालाच. सरांना तेव्हाच सांगितलं होतं मी. म्हटलं, घाई करू नका, दिवाळीनंतर दिल्यात तरी चालेल."

बाईंनी फोन खाली ठेवला. गुरुदत्त समोरच पेपर वाचत बसले होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी पेपर बाजूला केला. लपवायचं त्यांच्या मनात नव्हतंच. "माहीत होतं. मुद्दामच बोललो नाही. एकदा सवलत मिळाली की या पोरींना कायमची ढिलाईची सवय लागते. शिस्त लागावी म्हणून..." त्यांनी पेपरची घडी घातली. "अगं, बुरशी येईल असं मला काय स्वप्न पडलं होतं?"

बाई भांडल्या नाहीत. भांडायला तोंड कुठे होतं? गुरुदत्तांनी नुसती आमटी भुरकली होती, झरनाला हुकूम कुणी सोडला? आणि त्या पोरीच्या गालाला कळत होतं ते खरं न मानता एका तारखेला खरं मानलं, ते कुणी? त्या रात्री जेवल्या नाहीत, एवढंच.

डिसेंबरात त्या झरनाच्या घरी गेल्या. गिरणीच्या चाळीतली एक खोली. बाप खाटेवर बसला होता. त्याने "या, दीदीमणी," म्हटलं आणि खाटेवरून उठून जागा करून दिली. एक शब्द लागट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

झरना कामावर निघायच्या घाईत होती. नर्सिंग होमची जागा केव्हाच भरली होती. आता घरोघरी आजाऱ्यांसाठी आया पुरवणाऱ्या एका केंद्रात तिने नाव घातलं होतं. बारा तासांची पाळी, आज हावड्यातल्या एका आजीबाईंकडे, उद्या आणखी कुणाकडे. तिथे काही तिचं असं नव्हतं. एक महिना म्हणून लागली होती, आता वर्ष निघणार हे तिलाही दिसत होतं.

"मी नर्सिंग होमच्या साहेबांना भेटू का?" बाईंनी विचारलं.

"भेटून आले मी, मॅडम. दोनदा." तिने डबा पिशवीत टाकला. पिशवी प्लास्टिकची होती, कुठल्याशा कपड्यांच्या दुकानाची. मग दाराशी थांबून म्हणाली, "एक विचारू? रोज मनात येतं. तेव्हा आपण बँकेला पंधरा दिवस मागितले असते, तर त्यांनी दिले असते का?"

बाईंनी सगळं सांगायचं ठरवूनच गाडी धरली होती. सियालदहपासून वाक्यं जुळवत आल्या होत्या. त्यांनी बापाकडे पाहिलं, झरनाकडे पाहिलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "त्यांची तारीख पक्की होती."

झरनाने सुस्कारा सोडला. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला.

"मग बरंच झालं, मॅडम," ती म्हणाली. "निदान आपण शब्द तरी पाळला."

तिने वाकून बाईंच्या पायांना हात लावला आणि गाडी चुकू नये म्हणून धावत निघून गेली.