बाळारामची करंगळी

मुरबाडच्या झुळूक बेंजो पार्टीत बाळारामने बावीस वर्षं कीबोर्ड वाजवला, तोही नऊ बोटांनी. सतराव्या वर्षी भात कापताना विळा उजव्या करंगळीवर बसला, तेव्हापासून ती ताठच. चाल वर चढली की शेवटचा सूर त्याच्याकडून सुटायचा. तिथं क्षणभर पोकळी पडायची, आणि हळदीत नाचणारी माणसं नेमकी तिथंच उडी मारायची. दोन कॅसेटी निघाल्या. मग डीजे आले, पार्टी बसली. बाळाराम भातशेती नि मिळेल त्या रोजावर गेला. कॅसेटींना बुरशी लागली.

यंदा पार्टीचा गायक सुनिल दारात उभा. "बाळ्या, नवीन अल्बम काढायचाय. आपली जुनीच मानसं."

"हात थरथरतो रे आता."

"माझा गळा तरी कुठं ऱ्हायलाय? दोघं मिळून एक मानूस होऊ. चल!"

शहापूरला सुनिलच्या जावयाचा, पंकजचा, छोटा स्टुडिओ. तिथं तीन दिवस बाळाराम वाजवत होता. त्याला एवढंच हवं होतं, की हात पुरता जायच्या आत आपलं वाजवणं एकदा नीट टिपलं जावं.

महिन्याने सुनिल मोबाइल घेऊन ओट्यावर येऊन बसला. गाणं सुरू झालं, चाल चढली, आणि वरचा सूर लख्ख वाजला.

बाळारामने गाणं थांबवलं. "हा कोन वाजवतो?"

"तूच की. पंकजनं कॉम्प्युटरवर जरा सुधारलं. सुटलेले सूर भरले, थरथर काढली. म्हनला, काकांचं नाव खराब व्हायला नको."

"मंग माझं काय उरलं त्यात? पयल्यासारखं करायला सांग त्याला."

सुनिल खाली बघत राहिला. "पयलं ठेवलंच नाय रे त्यानं. त्याच्यावरच दुरुस्त केलं. मायेनं केलं पोरानं."



तेवढ्यात बाळारामची बायको, कमळाबाई, चहा घेऊन बाहेर आली. "थांबवलं कशाला वो? लावा की! शेजारणींना सांगून बसलेय मी." कुंपणाशी दोघी-तिघी उभ्याच होत्या.

बाळारामने गाणं पुन्हा लावलं. बायांनी टाळ्यांचा ठेका धरला. कमळाबाई मान डोलावत ऐकत होती.

"किती साफ वाजवलंय वो! थरथर कुठंच नाय. तुमीच ना?"

"मीच गो," तो म्हणाला. "तवा हात जरा बरा होता."