बाळकुमचं गेट

आई जाऊन वर्ष होत आलं. खाडीच्या चिखलाचा वास आला की तो दिवस आठवतो.

"तलावपाळी सगळेच बघतात, माझं ठाणं बघ," म्हणत तिने मला डोंबिवलीहून बाळकुमला नेलं. तिच्या वडिलांच्या मिठागरावर आता टॉवर होते. माहेर तुटू नये म्हणून तिने भावाला जमिनीचं हक्कसोडपत्र लिहून दिलं होतं. मामा त्यातल्याच एका टॉवरमध्ये राहायचा.

वॉचमनने वर फोन लावला. "साहेब बोलले, आज नको."

"कामात असेल रे," आई मला म्हणाली. तेव्हा मला ते खरंच वाटलं.

वालाच्या बिरड्याचा डबा तिने वॉचमनच्या हातात दिला. "बहीण येऊन गेली म्हणून सांगा."

रिक्षात बसल्यावर पदर सारखा करत ती हसली. "झालं बाई माहेरपण."