चकलांब्याला निघालेली मोटार

पेशकारसाहेबांची मोटार माझ्यामुळे बंद पडली. गेवराईत हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि बरीच वर्षं मी ते कळूही दिलं नाही.

साहेब कुठूनही परतले की आपल्याच दारात मोटार थांबवून भोंगा वाजवत. दार उघडायला घरात कुणी नसे. बायको वारलेली, एकुलती लेक गोदू चकलांब्याला दिलेली. मी त्यांच्या बाजूच्या खोलीत भाड्यानं राहणारा तहसिलीतला नवा कारकून. भोंगा ऐकून बाहेर आलो की म्हणत, "तुला न्हाई बे बोलावलं. दारातून हाक द्यायची सवय हाय." मग स्वतःच कुलूप काढून आत जात.

मोटार त्यांनी हौसेनं घेतली नव्हती. गोदूची तब्येत नाजूक. आई गेल्यापासून ती माहेरी आली नव्हती. व्याही बडे जमीनदार. ते म्हणाले होते, "उन्हात दिवसभर बैलगाडीत सुनेला धाडणार न्हाई. मोटार आणा अन् न्या." कोर्टात खटल्यांच्या कागदांची मिसल लावून निवृत्त झालेला पेशकार मोटार कुठून आणणार, असं त्यांना वाटलं असावं. साहेबांनी हैदराबादला निघालेल्या एका जहागीरदाराची जुनी मोटार घेतली, चालवायला शिकले आणि अक्षय्यतृतीयेला लेकीला आणणारा मुऱ्हाळी म्हणून आपणच जायचं ठरवलं. तसा निरोपही धाडला. तेवढ्यात टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणारा पंप निकामी झाला.

मिस्त्री जालन्याला. सणाआधी त्याला सवड नव्हती. साहेबांनी हैदराबादहून नवा पंप मागवला आणि अंगणातच बसवायला घेतला. आम्हा दोघांनाही त्यातलं काही येत नव्हतं. पेट्रोलच्या भीतीनं त्यांनी त्या दिवशी चूल पेटवू दिली नाही. शिळी भाकरी आणि ठेचा खाऊन आम्ही कामाला लागलो. काढलेला प्रत्येक नट ते पांढऱ्या धोतरावर क्रमानं मांडत. "मिसल लागली पाहिजे. एक कागद इकडचा तिकडं झाला की मुकदमा गेला." नळी सुटली तशी पेट्रोलची धार त्यांच्या बाहीत शिरली. "आता ओळख झाली," एवढंच म्हणाले.

नव्या पंपाला आतून हात लावायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. ते हात धुवायला गेले तेव्हा मी पंपाचं झाकण काढून पाहिलं. आतल्या लहानशा झडपा मला फार कोरड्या वाटल्या. आमच्या गावाकडं मोटेच्या कातड्याला करडीचं तेल चोळतात, नाहीतर ते तडकतं. स्वयंपाकघरातून तेल आणून मी झडपांना चांगलं माखलं आणि झाकण लावून टाकलं. साहेबांना बोललो नाही.

पेट्रोलचा डबा सणाच्या आदल्या दिवशी आला. तोवर आठवडाभर मोटार उन्हात नुसती उभी होती. सणाच्या सकाळी इंजिनात हातानं ओतलेल्या पेट्रोलवर ती गावाबाहेर गेली आणि माळावर थांबली. साहेबांनी प्रत्येक नट पुन्हा आवळला. दुपार झाली, ऊन उतरलं. शेवटी लोकांनी मोटारीला बैल जुंपले. "साहेब, बैलगाडीच घ्यायची होती की," कुणीतरी म्हणालं. साहेब मोटारीत बसले नाहीत. तिच्यामागून चालत आले.

दुसऱ्या दिवशी ते बैलगाडीनं चकलांब्याला गेले. मागं मी पंप उघडला. तेल वाळून डिंकासारखं झालं होतं आणि झडपा त्यात चिकटल्या होत्या. मी ते खरवडून काढलं.

त्याच्या पुढच्या रात्री साहेब एकटेच परतले. व्याह्यांनी दारातूनच वाटेला लावलं होतं. "सणाला सून दारात बसून राहिली. आता न्हाई." आणि गोदूनं आतूनच निरोप दिला होता की मोटार बंद पडली हे निमित्त, बापाला निघायचंच नव्हतं.

"मीच कायतरी उलटं बसवलं असंल," साहेब म्हणाले.

मी म्हणालो, "असेल."

त्यानंतर त्यांनी मोटारीत पाऊल टाकलं नाही, आणि गोदूही कधी आली नाही. माझी केजला बदली झाली. तिथं लग्न झालं, मला मुलगी झाली. ती सासरी गेली त्या वर्षी मात्र मला राहवेना. मी गेवराईला जाऊन सगळं सांगितलं. साहेब फार थकले होते.

"करडीचं तेल?" त्यांनी विचारलं.

"हो. गावाकडं मोटेला लावतात."

"मोट पाणी ओढती बे, पेट्रोल न्हाई." मग त्यांनी काठीनं दाराकडं खूण केली. "पर मला कावून सांगतुस? गोदूला सांग."

तसाच चकलांब्याला गेलो. गोदूबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. मी सांगत गेलो आणि त्यांचं सूप थांबलं.

"कुठवर आलते?" त्यांनी विचारलं.

"गावाबाहेरच्या माळापर्यंत."

"मग?"

"दिवस मावळेपर्यंत तिथंच उभे होते, ताई. ते निघाले होते. अडवलं मी, आणि दोष त्यांच्यावर जाऊ दिला. मला माफ करा."