अंगठा पुढे ठेवणारी माणसं

भवानीनगरहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर इस्माईल मुलाणी यांचं मटणाचं दुकान आहे. पत्र्याची शेड, पुढे काच, आत चिंचेचे तीन ओंडके. आखाडातला रविवार होता आणि दुकानासमोर सकाळपासून रांग होती. रांगेत मानसिंगराव उभे होते. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लेथ चालवली. निवृत्त झाले तरी कुणाचंही काम बघताना आधी त्याचे हात बघायची सवय गेली नव्हती.

"इस्माईलभाई," ते म्हणाले, "तुमची माणसं एका साच्यातनं काढल्यागत हायती."

"का? काय झालं?" इस्माईलभाईंनी मान वर न करता विचारलं.

"अंगठं बगा की. तुमचा आन् ह्या दोघांचा. तिन्ही एका रेषेत. परेडला उबं केल्यागत."

रांग हसली. मधल्या ओंडक्यावरचा कुंडलिकही हसला. "आबा, उस्ताद एकच हाय म्हणल्यावर परेड बी एकच असणार की."

इस्माईलभाईंनी सत्तूर खाली ठेवला. आधी त्यांनी कुंडलिकचा हात पाहिला, मग पलीकडच्या ओंडक्यावरच्या अफजलचा. अफजल त्यांच्या बहिणीचा मुलगा. दोघांनीही डाव्या हाताने मटण दाबून धरलं होतं. बोटं सैल पसरलेली आणि अंगठा सगळ्यांच्या पुढे, सत्तूर पुढच्या घावाला जिथे पडणार तिथपासून जेमतेम बोटभर अंतरावर. शेवटी त्यांनी स्वतःचा हात पाहिला. तो तसाच होता.

मटण तोडताना डाव्या हाताची मूठ करायची असते. बोटं आत वळवायची आणि अंगठा त्या मुठीच्या मागे दडवायचा. पात्यासमोर बोटांचे सांधे येतात, बाकी काही येत नाही. सत्तूर घसरला तर सांध्यावरची कातडी निघते, बोट जात नाही. इस्माईलभाईंचे वडील शिकाऊ माणसाचा अंगठा तळव्याला सुतळीने बांधून ठेवत. तीन-चार महिन्यांत अंगठा मागे राहायला शिकायचा. मग सुतळी सुटायची.

इस्माईलभाईंनी स्वतःच्या दुकानात सुतळी बंद केली. हात असताना सुतळी कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ते शिकणाऱ्याच्या मागे उभे राहत, त्याच्या डाव्या हातावर आपला डावा हात ठेवत आणि उजव्यावर उजवा. सत्तूर दोघांचा मिळून उठायचा आणि दोघांचा मिळून पडायचा. मांडी कुठे फोडायची, बरगडीचे चाप कसे सोडवायचे, नळी न चिरडता कशी तोडायची, हे सगळं हाताने हाताला कळायचं. या काळात बोलायला बंदी होती. ओंडक्यावर बोलणाऱ्याचं लक्ष तोंडात जातं, असं ते सांगत. काही महिन्यांनी एके सकाळी ते अचानक हात काढून घेत आणि मागे सरत. समोरच्या माणसाला ते कळतही नसे. तो तोडत राहायचा.

या पद्धतीने तयार झालेली माणसं माळेगावला आहेत, बारामतीत आहेत. गिऱ्हाईक मटण बघून सांगतं की हा इस्माईलभाईंचा हात. हाडाचा चुरा नाही, तुकड्याला तुकडा सारखा.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. सुरुवातीला सकाळी मुंग्या यायच्या. पुढे चहाचा ग्लास हातातून निसटायला लागला आणि त्यांची बायको सायराबानू ग्लासाऐवजी कानाचा कप द्यायला लागली. गेल्या वर्षी बारामतीच्या डॉक्टरांनी कोपरापाशी बोट टेकवून सांगितलं की शीर इथे दबली आहे. ऑपरेशन केलं तर दुखणं थांबेल, गेलेली ताकद परत येईलच असं नाही.

"मूठ वळंल का?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही."

ते घरी आले आणि दुकानात कुणाला काही बोलले नाहीत. दोन बोटांनी सोडलेलं काम अंगठ्याने उचललं होतं. मूठ आवळत नाही म्हणून मटण सरकायचं. ते सरकू नये म्हणून अंगठा पुढे येऊन दाबायचा. हे केव्हा सुरू झालं ते त्यांना सांगता येत नाही. उजव्या हाताला अंतराची इतकी सवय होती की कधी खरचटलंसुद्धा नाही.

अफजल आणि कुंडलिक या चार वर्षांतलेच. त्यांच्या हातावर जो हात होता, तो हा होता.

मानसिंगराव मटण घेऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान रिकामं असताना इस्माईलभाईंनी दोघांना बोलावलं आणि अंगठा मागे घ्यायला सांगितलं. अफजलला ते नीट कळलं नाही.

"मागं म्हंजे कुठं?"

"मुठीच्या मागं. बोटं आत वळीव."

अफजलने मूठ केली, मटण धरलं, सत्तूर उचलला आणि तसाच थांबला. "मामू, आसं धरलं तर मला घाव कुठं पडणार त्ये कळंना. अंगठ्यावरनंच तर अंदाज येतोय."

इस्माईलभाई नेहमीप्रमाणे त्याच्या मागे गेले आणि त्याच्या हातावर हात ठेवला. त्यांच्या हाताची मूठ झाली नाही. दोन बोटं ताठ राहिली आणि अंगठा आपोआप पुढे गेला. त्यांच्या हाताखालचा अफजलचा अंगठाही पुढे गेला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा हात काढून घेतला.

"तुमीच आसं शिकिवलं," अफजल म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

"तवा माजा हात आजारी हुता."

"मंग तवाच सांगायचं हुतं मामू."

कुंडलिक ओंडका घासत होता. तो म्हणाला, "सांगणार कसं? हितं बोलायचं न्हाय, ह्यो बी त्यांचाच नियम हाय."

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाईंनी सुतळी आणली. दोघांनी आढेवेढे घेत अंगठे बांधून घेतले. ती सकाळ बरी गेली. काम निम्म्यावर आलं, पण अंगठे मागे राहिले. दुपारी एका गिऱ्हाइकाने विचारलं की यांनी काय चोरीबिरी केली का, हात बांधलेत म्हणून. दुसरा म्हणाला, नवीन आहेत वाटतं. कुंडलिक चाळिशीचा माणूस, घरी वयात आलेली मुलगी आहे. त्याने दातांनी सुतळी तोडली आणि गाठीसकट कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"भाई, तुमच्यासाठी हात कापून दीन," तो म्हणाला, "पर ह्ये न्हाय."

इस्माईलभाईंनी बारामतीची बस धरली. अल्ताफ त्यांच्याकडे दहा वर्षांपूर्वी शिकला, आता त्याचं तिथे स्वतःचं दुकान आहे. दुकानात शिरताच ते त्याच्या हाताकडे बघत उभे राहिले. अल्ताफचा अंगठा मुठीच्या मागे होता.

"काय उस्ताद, परीक्षा घ्यायला आलाय व्हय?"

"न्हाय. तुला न्यायला आलोय."

अल्ताफ पुढच्या मंगळवारी आला. तो अफजलच्या मागे उभा राहिला, मग कुंडलिकच्या. दोघांचे हात त्याच्या हाताखाली बरोबर वळले. इस्माईलभाई बाजूला उभे राहून बघत होते. आपली पद्धत चुकीची नव्हती, एवढं त्यांना दिसलं. पण ती शिकवायला काही महिने लागतात आणि अल्ताफकडे एकच दिवस होता. त्याचंही दुकान होतं, त्याच्याही दारात आखाडाची गर्दी होती. तो संध्याकाळी निघून गेला. बुधवारी सकाळी दोन्ही अंगठे पुढे होते.

"अल्ताफभाईचा हात चांगला हाय," कुंडलिक म्हणाला, "पर आमी तुमच्या हातचं. लोक बी त्येच म्हणत्यात."

शेवटच्या रविवारी इस्माईलभाईंनी ठरवलं की दोघांनी सत्तूर धरायचा नाही. आखाडातला शेवटचा रविवार म्हणजे पुढे श्रावण. त्या दिवशी सगळा तालुका मटण नेतो. घाई असते आणि घाईत हात चुकतो. अफजलला त्यांनी वजनावर बसवलं, कुंडलिकला आत सोलायला पाठवलं आणि तीन ओंडक्यांचं काम एकट्याने घेतलं.

तासाभरातच रांग रस्त्यापर्यंत गेली. दोन मोटारसायकली वळून दुसऱ्या दुकानाकडे गेल्या. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा एकटाच का घाम गाळतोय? प्वारांनी संप केला का काय?" इस्माईलभाईंच्या डाव्या हाताला पेटके यायला लागले. मटण सरकलं तसं त्यांनी अंगठ्याने आणखी जोरात दाबलं. सायराबानू मागच्या घरातून चहा घेऊन आल्या आणि उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याचा हात पाहिला.

"त्यांचं वाचवायला बसलाय आन् सोताचं घालवाल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उटा तुमी."

"त्यांना बसू दिऊ का मंग?"

सायराबानूंनी चहा ओंडक्याशेजारी ठेवला. तोवर अफजल वजनकाट्यावरून उठला होता. त्याने हात धुतले, आपल्या ओंडक्यावर बसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, मांडी देऊ का मिक्स. थोड्या वेळाने कुंडलिकही बाहेर आला. इस्माईलभाईंनी त्यांना उठायला सांगितलं नाही. भर रांगेसमोर सांगितलं असतं तरी ते उठले असते का, याची त्यांना खात्री नव्हती.

दिवस मावळला तेव्हा हुकावर काही उरलं नव्हतं. कुणाला साधा ओरखडाही आला नव्हता. कुंडलिकने दोन्ही हात पुढे करून दाखवले.

"मोजून घ्या भाई. दहाच्या दहा हायती. उगं जीवाला घोर लावून घेतलाय तुमी."

अंगठा पुढे ठेवूनही काही होत नाही, हे चार वर्षं त्यांनीच दाखवून दिलं होतं.

श्रावणात धंदा मंदावतो. मुसलमान गिऱ्हाईक आणि दोन ढाबे, एवढंच काम राहतं. बुधवारी दुपारी दुकानात एकच गिऱ्हाईक होतं आणि कसलीही घाई नव्हती. कुंडलिक नळी तोडत होता. नळी गोल असते. ती जराशी फिरली. सत्तूर हाडावरून घसरून अंगठ्यावर उतरला. कुंडलिक ओरडला नाही. त्याने सत्तूर बाजूला ठेवला, अंगठा दुसऱ्या हातात आवळून धरला आणि म्हणाला, "भाई, जरा बगा हिकडं."

अफजलने त्याला मोटारसायकलवर मागे बसवून बारामतीला नेलं. इस्माईलभाई बसने मागून पोचले. अंगठा अर्ध्याहून जास्त तुटला होता. डॉक्टरांनी तो जोडला. बाहेरच्या बाकावर कुंडलिकची बायको सिंधुबाई बसली होती. इस्माईलभाईंना बघून ती उठली आणि पदर सावरून म्हणाली, "तुमच्या हाताखाली शिकलं म्हणून येवढ्यावर निभावलं. दुसरीकडं असतं तर पंजाच गेला असता. तुमचं उपकार हायती."

इस्माईलभाई तिच्या शेजारी बसले. सांगायला तोंड उघडलं आणि नेमकं काय सांगायचं ते जुळेना. आपला हात, आपली बोटं, न सांगितलेलं दुखणं, ही सगळी गोष्ट त्या बाईला आत्ता ऐकवून तिचं काय होणार होतं, हेही कळेना. तिने विचारलं, चहा आणू का. ते व्हय म्हणाले.

कुंडलिक दीड महिन्याने कामावर आला. अंगठा जुळला होता, पण सांधा धरला होता. तो आता वाकत नाही. इस्माईलभाईंनी त्याला वजनावर बस म्हणून सांगितलं. दोन दिवस तो बसला. तिसऱ्या दिवशी आपल्या ओंडक्यावर जाऊन बसला.

"मूठ कर," इस्माईलभाई म्हणाले.

कुंडलिकने डावा हात वर धरला. चार बोटं आत वळली. अंगठा ताठ पुढे राहिला.

"आता करायची म्हणलं तरी हुईना भाई," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. मला हेच येतंय, आन् दुसरं काम कोण देतंय?"

अफजलनेही आपली पकड बदललेली नाही. कुंडलिकचं जे झालं ते नळी फिरल्यामुळे झालं, असं तो म्हणतो, आणि तेही खरं आहे. लोणी भापकरचा मल्हार नावाचा माणूस शिकायचंय म्हणून दोनदा येऊन गेला. इस्माईलभाईंनी त्याला अल्ताफकडे जायला सांगितलं. तो गेला नाही. त्याला इस्माईलभाईंचाच हात हवा आहे. हल्ली तो रिकाम्या वेळी येऊन कुंडलिकशेजारी उभा राहतो आणि बघतो.

इस्माईलभाई आता सत्तूर धरत नाहीत. त्यांनी आपलं स्टूल अशा जागी हलवलं आहे की दोघांचेही डावे हात तिथून दिसतात. सत्तूर वर जातो तेव्हा ते बघत असतात. तो खाली येईपर्यंत त्यांना करता येण्यासारखं काही नसतं.