न कापलेली पानं

गेल्या शनिवारी सकाळी, डिचोलीत, माझ्याच घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, माझी अब्रू गेली. पाहायला माणसं होती... आणि चहाही होता.

तुम्हाला माहीतच आहे, दर रविवारी मी इथे एका पुस्तकावर लिहितो. कपाटांसमोर उभं राहून फोटो, खाली दोन-तीनशे शब्द, आणि शेवटी न वाचणाऱ्यांची खरडपट्टी. तुम्ही 'संग्रही हवं' लिहिता, मी त्यावर हृदय टाकतो... असं आपलं छान चाललं होतं.

महिन्याभरापूर्वी मी एका जुन्या आत्मचरित्रावर लिहिलं. खेड्यात आयुष्यभर शाळा चालवलेल्या एका बाईंचं. 'शेवटचं प्रकरण वाचून दोन दिवस मला अन्न गेलं नाही' असं त्यात एक वाक्य होतं. ते तुम्ही भरपूर शेअर केलंत.

ती पोस्ट वाचून पाळी गावच्या उर्मिलाताईंचा मेसेज आला. त्या अंगणवाडीत काम करतात. गावातल्या दहा-बारा बायका महिन्यातल्या एका रविवारी देवळाच्या सभामंडपात जमतात आणि एक पुस्तक मोठ्याने वाचतात... ही बैठक त्यांनीच सुरू केलेली.

बायकांना त्यांनी माझी पोस्ट वाचून दाखवली होती आणि पुढचं पुस्तक हेच, असा शब्दही देऊन टाकला होता. पण पुस्तक साखळीला मिळेना, पणजीला मिळेना. छापणारे कधीच बंद झालेले.

मी कुणाला पुस्तक देत नाही. त्यांना दिलं, पण अटी घालून... पान दुमडायचं नाही, पेन्सिल लावायची नाही, कागदावर साधा ओरखडा दिसता कामा नये. देतानाचा फोटो मी इथे टाकला होता. माझं औदार्य तुम्हाला फार आवडलं होतं.

शनिवारी पेडण्याहून दोन कार्यकर्ते व्याख्यानाचं निमंत्रण घेऊन आले होते. विषय वाचनसंस्कृती. माझी गाडी सुटलेलीच होती... मोबाइलने माणसं कशी पोकळ केली, वगैरे. तेवढ्यात उर्मिलाताई आल्या. बसने आलेल्या, घामाघूम, पुस्तक रुमालात गुंडाळलेलं.

"सर, ऐंशीच्या पुढची पानं जोडलेली आहेत. थेट शेवटपर्यंत. तुम्ही ओरखडासुद्धा नको म्हणाला होता, म्हणून विचारायला आले... कापू?"

जुन्या बांधणीत कधी कधी पानांची वरची कड कापायची राहून जायची. वाचणारा सुरीने ती सोडवत पुढे जायचा. कड तशीच असेल, तर त्या पुस्तकात पुढे कुणीच गेलेलं नाही... मीसुद्धा.

"ही संग्रहाची प्रत हो," मी म्हणालो. "वाचलेली वेगळी आहे." हे बोलायला मला क्षणभरही लागला नाही. इतकी वर्षं व्यासपीठावर काढल्याचा फायदा.

त्यांचा चेहरा उजळला. "मग ती द्या ना सर. उद्याच वाचायचं आहे."

त्या मला पकडायला आल्याच नव्हत्या. त्यांनी या वेळीही माझ्यावर विश्वास ठेवला... तो मला सहन होईना.

मी आत गेलो. तीन हजार पुस्तकांसमोर उभा राहून शोधल्याचं नाटक केलं, आवाज यावा म्हणून चार पुस्तकं हलवली. बायको दारात होती. हळूच म्हणाली, "एकूच आसा न्हय तें? मागीर सोदतात कितें?" प्रत एकच आहे, हे तिलाही ठाऊक होतं.

बाहेर आलो आणि सांगितलं, दुसरी प्रत नाही. उर्मिलाताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पुस्तकाकडे. मग बायकोला विचारलं, "वैनी, सुरी मिळेल?"

दगडी बाकावर बसून त्या एकेक कड कापत गेल्या. कागद फाटू नये म्हणून अगदी सावकाश... माझ्या अटी पाळत. कार्यकर्ते आपापल्या कपात बघत होते.

शेवटचं प्रकरण त्यांनी तिथेच वाचलं. चार पानांचं. शाळेच्या मागे मुळा आणि वाल कसे लावले, वाफे कसे आखले, पाणी कोणी कोणी घातलं... एवढंच. प्रस्तावनेत कुणी 'चटका लावणारा शेवट' म्हटलं होतं. माझा दोन दिवसांचा उपास त्यातून उगवला.

"छान लिहिलंय हो सर," त्या म्हणाल्या. "पण जेवण सोडण्यासारखं यात काही नाही."

टोमणा असता तर परतवला असता. टोमणे मला परतवता येतात.

त्या गेल्यावर थोरला कार्यकर्ता म्हणाला, "मग तारीख पक्की धरू ना सर? विषय तोच राहू दे." समोर सगळं पाहून त्याला काहीच फरक पडला नव्हता! मी नाही म्हणालो... पण लगेच नाही. तेही लिहून ठेवतो.

त्या दुपारी कपाटं उघडली. तुम्हाला आग्रहाने सुचवलेली आणखी नऊ पुस्तकं मी पूर्ण वाचलेली नाहीत. त्यांची नावं पहिल्या कमेंटमध्ये देतोय.

आणि तुम्हालाही एक विचारतो. इतके दिवस तुम्ही वाहवा करत होता... एकानेही कधी म्हटलं नाही की शेवट तुम्ही सांगता तसा नाही. कसं म्हणणार? ते पुस्तक उघडलेली तुमच्यात एकच बाई होती.

उर्मिलाताई, पुस्तक परत करू नका, ते तुमच्या बैठकीचंच आहे. रविवारी बायकांना माझ्याबद्दल काय सांगितलंत, मला माहीत नाही... जे सांगितलं असेल ते खरं असेल. आभार.