अँप्लिफायरचा आतला ऐवज

हॉस्पिटलच्या तळघरातल्या खोलीत ती सत्तावीस वर्षं ब्लडप्रेशरची, हृदयाची नि सलाइनची यंत्रं दुरुस्त करत बसली. खांद्याच्या पिशवीत कायम मल्टिमीटर असायचा, म्हणून वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला मीटरताई म्हणत. लग्न तिने केलं नाही, आणि का नाही केलं हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

सुट्टीच्या दिवशी तिच्या दोन खोल्यांच्या घरी वेगळेच पेशंट यायचे. कुणाच्या माळ्यावर सापडलेला, कुणी सासऱ्याकडून मिळवलेला, कुणी लिलावात उचललेला जुना अँप्लिफायर. लोक तो चादरीत गुंडाळून आणत, टेबलावर ठेवत आणि लगेच मोबाइल पुढे करत. "ताई, हा बघा, अगदी असाच. किती मागतायत बघा."

"मागायला काय जातंय? मागितलेली किंमत वेगळी, मिळालेली वेगळी," ती म्हणायची.

मग ती झाकण उघडायची. कपॅसिटर फुगलेत का, कुणी अडाण्याने सोल्डरचे डाग देऊन ठेवलेत का, ट्रान्सफॉर्मर मूळचाच आहे का, सगळं बघायची आणि खरा आकडा सांगायची. तो मोबाइलमधल्या आकड्याच्या जेमतेम चौथा हिस्सा निघायचा. माणसाचा चेहरा पडायचा. वर ती म्हणायची, "ऐकणार नसाल तर ठेवून काय करणार? विकून टाका. ऐकणाऱ्याच्या घरी जाऊ दे." या कामाचे ती पैसे घेत नसे. घेतले असते तर लोकांनी निदान ऐकून तरी घेतलं असतं. फुकटचा सल्ला कुणाला पटतो? माणसं चादर गुंडाळून निघून जायची आणि बाहेर सांगायची, बाई फार आखडू आहे.

तिचे स्वतःचे तीन होते. एक व्हॉल्व्हचा, दोन ट्रान्झिस्टरचे. कामावरून आल्यावर ती एक चालू करायची, पाय धुवून यायची, तोवर तो तापायचा. मग खुर्चीत बसून एखादं संथ गाणं लावायची. गाणाऱ्या बाईने ओळीच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला की तिच्या कपाळावरची आठी जायची. दिवसभरात ती तेवढ्याच वेळापुरती जायची.

पण तिला हवा होता तो चौथा. तिच्या वडिलांचा.

वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी घेतलेली एकमेव चैनीची वस्तू म्हणजे तो अँप्लिफायर. लाकडी पेटी, समोर अॅल्युमिनियमची पट्टी, दोन सुयांच्या काचा. लहानपणी ती त्याच्यापुढे मांडी घालून सुया बघत बसायची. पुढे स्क्रूड्रायव्हर हातात धरायला शिकली तेव्हा म्हणाली, "बाबा, उघडून बघू?" बाबा म्हणाले, "चालतोय ना? मग उघडायचं कशाला?" लोकांचे शेकडो अँप्लिफायर तिने पुढे उघडले. घरचा तेवढा कधी उघडला नाही.

बाबा गेल्यावर घर धाकट्या भावाकडे आलं आणि घराबरोबर अँप्लिफायरही. तिने तो तीनदा मागितला. पहिल्यांदा भाऊ म्हणाला, "बघू." दुसऱ्यांदा म्हणाला, "एवढी काय घाई आहे?" तिसऱ्यांदा ती गेली तर त्या पेटीवर भावजयीने इस्त्रीचे कपडे रचले होते. हवा जायच्या भोकांवर टॉवेल. तिने ते उचलून पलंगावर ठेवले, भावजयीने ते पुन्हा जागेवर ठेवले. त्यानंतर तिने विषयच काढला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाकडे जाऊन रडणार?

ती निवृत्त झाली त्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. भाऊ उभा होता, हातात चकचकीत कागदात बांधलेला मोठा खोका. त्याचं तोंड नुसतं फुललं होतं.

"ताई, तुझ्यासाठी. आधी बस, मग उघड."

तिने खोका त्याच्या हातातून घेतला. तो हलका होता. बाबांचा अँप्लिफायर जागचा हलवायला दोघं लागायचे, आणि हा तिने एकटीने भाजीच्या पिशवीसारखा आत आणला.

कागद फाडला. पेटी तीच. पॉलिश करून आरशासारखी झालेली. सुयांच्या काचांमागे निळे दिवे. भावाने प्लग लावला, खिशातून मोबाइल काढून काहीतरी दाबलं आणि पेटीतून एक बाई म्हणाली, "ब्लूटूथ जोडलं गेलं आहे."

"कसा वाटला?" भाऊ म्हणाला. "पार बंद पडला होता. बाजारातल्या एका मेकॅनिकने नवा कोरा करून दिला. आता पेनड्राइव्हसुद्धा लागतो."

"आतलं कुठाय?"

"आतलं म्हणजे?"

"ट्रान्सफॉर्मर. बोर्ड. आतला सगळा ऐवज."

"ते जुनं होतं गं. काढून टाकलं त्याने."

तिने ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढून झाकण उघडलं. एवढ्या मोठ्या पेटीत तळहाताएवढा हिरवा बोर्ड आणि एक छोटा स्पीकर चिकटपट्टीवर बसले होते. बाकी सगळी हवा. बडा घर, पोकळ वासा.  भाऊ मोबाइलवर गाणं शोधत होता. तिने त्याला जेवायलासुद्धा थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बाजारात मेकॅनिककडे गेली. तो माणूस वाईट नव्हता, हेच जास्त त्रासाचं होतं. शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

"मॅडम, मी त्यांना म्हटलं होतं, मूळचा दुरुस्त करू," तो म्हणाला. "ते म्हणाले, बहिणीला द्यायचाय, एकदम मॉडर्न करा. ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याला गेला. बोर्ड कचऱ्यात."

"नंबर लिहून ठेवले असतील. व्होल्टेज, काहीतरी?"

"ते कोण लिहून ठेवतं?"

भंगारवाला गल्लीच्या तोंडाशीच बसायचा. त्याने कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवलं. ट्रान्सफॉर्मरची तार केव्हाच तांब्याच्या भावात गेली होती, उरल्या होत्या नुसत्या लोखंडी पट्ट्या, शंभर ट्रान्सफॉर्मरच्या एकात एक मिसळलेल्या. त्यातल्या बाबांच्या कुठल्या, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. ती उकिडवी बसून तासभर पट्ट्या चाळत राहिली. हात काळे झाले, हाती काही लागलं नाही.

तिथून ती तशीच भावाच्या घरी गेली. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"तीनदा मागितला तुझ्याकडे," ती दारातूनच म्हणाली. "तेव्हा दिला नाहीस. आता त्याचं मढं सजवून आणून दिलंस."

भाऊ आधी गोंधळला, मग चिडला. "एवढे पैसे घालून करून घेतला, त्याचं काहीच नाही?"

"तीनदा का नाही दिलास?"

 भाऊ खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाला, "तू लोकांना काय सांगतेस? ठेवून काय करणार, विकून टाका. माझ्यासमोर दहादा सांगितलंयस. मला वाटलं, तुझ्याकडे दिला की तू तो उघडणार, किंमत करणार नि कुणालातरी देऊन टाकणार."

"बाबांचा?"

"मला काय माहीत. तुला सगळ्याची किंमतच कळते."

"मग बंद पडल्यावर तरी माझ्याकडे का नाही आणलास?"

"तू ओरडली असतीस. नीट ठेवला नाहीस म्हणाली असतीस."

ती ओरडली असतीच. हे तिलाही ठाऊक होतं. भावजयीने पाण्याचा पेला आणून दिला. काळ्या हातांनी तो तिने घेतला, अर्धा प्यायली आणि घरी आली.

पुढचे दोन महिने नुसती चडफड. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा एक म्हातारा कारागीर तिच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, "करून देतो की. किती व्होल्ट, किती अँपिअर, एवढं सांगा." तेवढंच तिला माहीत नव्हतं. जगाचे ट्रान्सफॉर्मर मोजले आणि घरचा मोजायचा राहिला. त्या मॉडेलच्या सर्किटचा नकाशा कुठे मिळेना. चौघांना फोन केले, दोघांनी मिळते-जुळते नकाशे पाठवले, तेही चुकीचे. निळ्या दिव्यांची पेटी कोपऱ्यात होती. एकदा चुकून शेजाऱ्याचा मोबाइल तिला जोडला गेला आणि भर दुपारी तिच्या खोलीत शेअरबाजाराच्या बातम्या सुरू झाल्या. तिने प्लग उपसून काढला.

अशात एका सुट्टीच्या दिवशी एक दाताचे डॉक्टर आले. नवं घर घेतलं, त्याच्या माळ्यावर आधीच्या मालकाने टाकून दिलेला अँप्लिफायर सापडला, म्हणाले. जोडीला ड्रायव्हर होता, दोघांनी मिळून तो टेबलावर ठेवला. चादर बाजूला झाली आणि मीटरताई खुर्चीतून उठलीच. तेच मॉडेल. पॉलिश उडालेलं, एक काच फुटलेली, पण तेच.

भाऊ त्या दिवशी आलेला होता. भांडणानंतर तो दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून यायचा. त्यानेही ओळखलं आणि बहिणीकडे बघितलं.

"ताई, खरं सांगा," डॉक्टर म्हणाले. "भंगारातच द्यायचा असेल तर इथेच ठेवून जातो. परत कोण नेणार?"

तिने एक शब्द उच्चारला असता तरी पुरे होतं: "ठेवा."  तिने झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा नीट बघितलं.

"भंगार नाही," ती म्हणाली. "आतला एकही भाग बदललेला नाही. असा सहसा मिळत नाही." आणि तिने आकडा सांगितला, खरा.

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "असं? मग ठेवतोच की. तुम्ही दुरुस्त करून द्याल?"

"देईन. पण आतलं सगळं मोजून लिहून घेईन. तेवढी परवानगी द्या."

डॉक्टर गेल्यावर भाऊ म्हणाला, "तू नुसती गप्प बसली असतीस तरी चाललं असतं."

"नाही बसता आलं." ती कागदावर आकडे लिहीत होती आणि रागाने पेन कागदात रुतवत होती. डॉक्टरांवर, भावावर, मुख्य म्हणजे स्वतःवर.

तो अँप्लिफायर दुरुस्त होऊन गेला. डॉक्टरांनी तो दवाखान्यात मांडला, आणि पेशंट घाबरू नयेत म्हणून त्याच्यावर पावसाच्या आवाजाची रेकॉर्ड लावतात, असं तिच्या कानावर आलं. 

तिने लिहून घेतलेल्या आकड्यांवरून म्हाताऱ्याने गुंडाळलेला पहिला ट्रान्सफॉर्मर पेटीत मावेना. दुसरा यायला दीड महिना लागला. बोर्ड तिने स्वतः बनवला, जुन्या बाजारात हिंडून हिंडून ट्रान्झिस्टर जमवले, त्यातले निम्मे नकली निघाले. निळे दिवे काढून पिवळे घातले. अखेर एका दुपारी भाऊ समोर बसलेला असताना तिने बटण दाबलं. उजवी बाजू वाजली. डावी आधी खरखरली, मग तीही वाजली, जरा दबक्या आवाजात.

गाणं संपेपर्यंत दोघं हलले नाहीत. भावाने डोळे पुसले. "अगदी बाबांचाच."

"नाहीये," ती म्हणाली.

"मला तर तसाच वाटतो. काय कमी आहे?"

 कमी काय हे कळायला मूळचा समोर असावा लागतो, आणि मूळचा कसा वाजायचा हे आता दोघांच्या आठवणीतच उरलं होतं, तेही दोघांच्या दोन तऱ्हांनी. तिने प्लग काढला, झाकणाचे स्क्रू सोडवले आणि भावाच्या हातात बॅटरी दिली. तो वाकून आत बघायला लागला, तशी त्याच्याच डोक्याची सावली बोर्डावर पडली.

"अरे, डोकं काढ," ती म्हणाली. "उजेड इकडे धर. डाव्या बाजूला."