सुरंजान आणि गोळ्या

माझे वडील, आमचे दादा, देवासच्या शाळेत चित्रकला शिकवीत. पन्नाशीच्या आतच उजव्या पायाच्या अंगठ्याला वाताने धरलं. अंगठा लालबुंद सुजे. धोतराचा काठ लागला तरी दादा कळवळत. शेजारचे हकीमसाहेब त्यांचे जुने दोस्त. संध्याकाळी आमच्या ओट्यावर दोघांचा बुद्धिबळाचा डाव रंगे. हकीमसाहेब दादांना सुरंजान नावाच्या कंदाचं चूर्ण देत, त्याने उतार पडे.

एकदा ठणका फारच वाढला, तेव्हा आईने हट्टाने त्यांना चौकातल्या नव्या डॉक्टरांकडे नेलं. "रक्तात युरिक अ‍ॅसिड साचतंय," म्हणत त्यांनी गोळ्या दिल्या. "दुसरं काही औषध चालू आहे?"

"नाही," दादा म्हणाले.

डॉक्टर हकीमसाहेबांना हसले असते, ते दादांना खपलं नसतं. हकीमसाहेबांनाही गोळ्यांचं कळू दिलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं. दोघांचं मन राखायचं म्हणून दोन्ही औषधं पोटात जात राहिली.

मग उलट्या आणि जुलाब सुरू झाले. आईला पटकीची धास्ती वाटली. डॉक्टर धावत आले आणि पुन्हा तेच विचारलं. या वेळी आईने चूर्णाची पुडी पुढे केली. सुरंजान हे नाव ऐकताच डॉक्टरांनी पुडी तिच्या हातातून काढून घेतली.

"अहो, माझ्या गोळ्यांतही याच जातीच्या कंदाचा अर्क आहे. दुप्पट विष झालं हे!"

दादा वाचले. पण डोक्यावरचे केस गळाले आणि पायांतलं बळ गेलं ते पुरतं परत आलंच नाही. टेकडीवर देवीला जाणं कायमचं सुटलं.

हकीमसाहेब भेटायला आले आणि दारातच उभे राहिले. "भिया, मुझसे एक बार पूछ तो लेते."

दादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हकीमसाहेब दारातूनच परत गेले. त्यानंतर ओट्यावर डाव मांडला गेला नाही. पुढे ते लेकीकडे भोपाळला गेले आणि तिकडेच वारले.

ती बातमी आली त्या दिवशी दादा जेवले नाहीत. आईने फार विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याला वाटलं, मी रागावलो. मी लाजलो होतो गं. एवढंच त्याला सांगायचं होतं."